सरकारी तिजोरीतून खेळाडूंना कोटींची बक्षिसं : द्यावीत की बंद करावीत?

कृष्णाकाठ :
२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आनंद झाला, अजूनही होतो. काही दिवसांतच राज्य सरकारने स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव यांचा सत्कार करून प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले. क्रिकेट मंडळाने संघाला ५१ कोटी आधीच जाहीर केले होते.

माझं मत स्पष्ट आहे. क्रिकेटपटूंना सरकारी तिजोरीतून रोख बक्षीस देणं बंद करावं आणि तो पैसा तालुक्याच्या मैदानांवर घालावा.

जुलै २०२४ आठवा. ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या रोहित, सूर्यकुमार, शिवम दुबे आणि यशस्वी यांचा विधान भवनात सत्कार झाला, संघाला ११ कोटी जाहीर झाले. अंतिम सामन्यात सूर्याच्या हातात बसलेल्या बॉलबद्दल रोहित मराठीत जे बोलला ते प्रत्येकाच्या फोनवर फिरलं. तेव्हाचे विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवारांनी तिजोरीतून पैसे देण्यावर आक्षेप घेतला होता, पण तो त्या गलबल्यात विरून गेला. त्या संघाला मंडळाकडून १२५ कोटी मिळणार होते! महिनाही झाला नाही तोवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं. त्याला आधी एक कोटी जाहीर झाले.

आता आमच्या तालुक्याचं क्रीडा संकुल पाहा. धावपट्टीवर गुडघाभर गवत. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू उरलेलीच नाही, तळाची माती दगडासारखी घट्ट झाली आहे, उडी मारली की टाचेपासून कमरेपर्यंत कळ जाते. शाळा सुटून पोरं येतात तेव्हा फाटकाला कुलूप असतं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे अंधारात महामार्गाच्या कडेने धावतात, बाजूने उसाचे ट्रॅक्टर जातात. ११ कोटींत किती तालुक्यांची कुलपं उघडली असती?

अंजली_सांगली :
साफ असहमत. पुरुषांच्या ११ कोटींचा राग तुम्ही मुलींच्या सव्वादोन कोटींवर काढताय.

महिलांचं क्रिकेट या मंडळाच्या छत्राखाली आलं २००६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी आपला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळला होता. तेव्हा सामन्यामागे हजार रुपये मिळाले, असं मिताली राजनेच सांगितलं आहे. पुरुषांइतकं सामन्याचं मानधन जाहीर व्हायला २०२२ उजाडलं. म्हणजे या मुलींच्या हातात पैसा कालपरवा यायला लागला आणि आज आपण विचारतोय, यांना कशाला?

स्मृती आमच्या सांगलीची. नऊ वर्षांची असताना ती राज्याच्या १५ वर्षांखालील संघात गेली, अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात. आज इथे मुलीला अकादमीत घालायला आलेल्या आईशी बोला. सासरच्यांची, शेजाऱ्यांची तोंडं बंद करायला तिच्याकडे एकच उत्तर असतं : सरकारने मानधनांच्या मुलीला कोटी दिले. धावपट्टी जरूर करा. पण त्या धावपट्टीवर मुलीला सोडायला घर तयार होतं ते या बातमीने.

रेंजवरचा_बाबा :
माझा मुलगा नेमबाजी करतो, म्हणून लिहितोय. कृष्णाकाठ यांचं म्हणणं बरोबर आहे, पण क्रिकेटला मध्ये आणून ते मूळ मुद्दा हलका करताहेत.

स्वप्नीलचे वडील शिक्षक. त्यांनी २००९ मध्ये मुलाला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. पुढे गोळ्यांसाठी कर्ज काढलं. नंतर रेल्वेत नोकरी लागली. त्याचा प्रकार ५० मीटर रायफलचा, गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून. नुसत्या पात्रता फेरीतच ६० गोळ्या. मग रोजच्या सरावाचा हिशेब करा. रायफल, जाड कॅनव्हासचं जॅकेट, बूट, सगळं महाग, आणि मुलगा वाढत्या वयाचा असेल तर जॅकेट लहान होतं. मुलगा मागत नाही, सराव संपला की उरलेल्या गोळ्या मोजून डबीत ठेवतो. ते पाहवत नाही.

पदक आल्यावर कोटी मिळतात. ज्याचं पदक थोडक्यात हुकलं त्याला काय? त्याच्या बापानेही कर्ज काढलेलंच असतं.

रघुनाथ_कराड :
बक्षीस नको म्हणणाऱ्यांनी आमच्या गोळेश्वरला येऊन जावं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती लोकांनी काढली. सरकारने काय दिलं? पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली तीही १९५५ मध्ये. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि पद्म पुरस्कार अजूनही नाही. राज्याला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. ज्या राज्याने पहिल्या पदकवीराला असं वागवलं, त्याने आता हात आखडता घेऊ नये, ही माझी भावना आहे.

कृष्णाकाठ :
रघुनाथदादा, खाशाबांबद्दल तुमच्याइतकीच तळमळ मलाही आहे. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावाने वर्गणी काढली. पैशाची नड होती ती जाण्याआधी. आज सरकार बैलगाडीच्या मिरवणुकीची जागा घेतंय, खर्डेकरांची जागा रिकामीच आहे.

अंजलीताई, मुलींच्या बाबतीत तुमचं म्हणणं मनाला पटतं. तरीही मंडळ श्रीमंत आहे, त्या मुलींचं देणं मंडळाने द्यावं. ते त्याचं कर्तव्यच आहे.

खोखो_माझा_श्वास :
इथे खो-खोचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. यांच्यामागे कुठलं श्रीमंत मंडळ आहे? सरकारने हात काढला तर क्रिकेटपटूंचं काही अडत नाही, आमची पोरं उघडी पडतात. त्यामुळे "बंद करा" हा शब्द जपून वापरा.

आणि रोखीपेक्षा नोकरी महत्त्वाची. पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे, पण बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर खऱ्या खेळाडूलाही पडताळणीसाठी खेटे घालावे लागतात. तिशीत गुडघे गेले की खो-खोपटू घरी बसतो.

रेंजवरचा_बाबा :
खो-खोवाल्यांशी शंभर टक्के सहमत.

मी_मराठवाडा :
हरयाणा ऑलिंपिक सुवर्णाला सहा कोटी, रौप्याला चार, कांस्याला अडीच देतं. आपण आता दर वाढवून पाच, तीन आणि दोन केले. म्हणजे आकड्यांत आपण फार मागे नाही. तरी पदकांत एवढं अंतर का? कारण तिथे गावोगाव आखाडे आणि प्रशिक्षक आहेत. माझ्या तालुक्यात प्रशिक्षकच नाही. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथे त्याच्यातला धावपटू सापडला, आणि पॅरिसमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पोचला. सैन्यात गेला नसता तर? या एका प्रश्नाने मला झोप लागत नाही.

अंजली_सांगली :
कृष्णाकाठ, "मंडळाने द्यावं" म्हणून सरकारला मोकळं सोडू नका. मंडळ खेळाचं मोल देतं. राज्याने दिलेल्या पैशामागे राज्य उभं असतं, आणि आमच्याकडच्या आयांना तेच हवं असतं. तुमच्या संकुलाच्या कुलपासाठी मी तुमच्याबरोबर तहसील कार्यालयात येईन, अर्जावर सही करीन. पण मुलींच्या सव्वादोन कोटींना हात लावायचा ठराव असेल तर माझं मत विरोधात धरा.