मदत हवी आहे: लेण्यांतील मंद उजेडात आरएक्स१०० मार्क ७ पुरेल का?

वेरूळ-अजिंठ्याच्या छायाचित्रणासाठी सोनी आरएक्स१०० मार्क ७ हा छोटा कॅमेरा घेण्याचा विचार आहे. २४ ते २०० मिलिमीटरची झूम उंचावरील शिल्पांसाठी मला फार मोलाची वाटते. मात्र या कॅमेऱ्याची लेन्स एफ/२.८ पासून (हा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो) सुरू होऊन पूर्ण झूमवर एफ/४.५ होते, तर याच मालिकेतील मार्क ५ए ची झूम ७० मिलिमीटरलाच थांबत असली, तरी वाइडला (झूम न करता) एफ/१.८ मुळे दुपटीहून अधिक उजेड मिळतो. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे, ट्रायपॉड नेणार नाही आणि वजनामुळे मोठा कॅमेरा नको. दुकानातील मंद उजेडात आयएसओ (उजेडाप्रती संवेदनशीलता) ३२०० वर मार्क ७ ने रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढून पाहिले. सावलीत नॉइज (दाणेदारपणा) दिसला, पण भिंतीचा पोत टिकला. लेण्यांत हा कॅमेरा प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सांगावे: २०० मिलिमीटरवर, हातात धरून, आयएसओ ६४०० च्या आत शिल्पांचे बारकावे स्पष्ट येतात का?