ललिता पवार म्हणजे फक्त ती थप्पड आणि खाष्ट सासू? मला नाही पटत

तलावपाळीकर
रविवारी दुपारी आईबरोबर 'अनाडी' परत बघितला (१९५९ चा, राज कपूर-नूतनवाला) आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते इथे ओततो. ललिता पवारांचं नाव काढलं की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात. एक म्हणजे १९४२ ला 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगला भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पॅरालिसिस झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. दुसरी, खाष्ट सासू. संपलं. आमची आजी तर नौपाड्याच्या चाळीत समोरच्या बाईंना नावाने हाकच मारायची नाही, 'आली बघ ललिता पवार' म्हणायची, आणि त्या बाई होत्याही तशाच म्हणा.

पण 'अनाडी'तली मिसेस डिसा बघा ना. भाडेकरू पोरावर तोंडाचा पट्टा चालू आहे, आणि मधेच तो डावा डोळा मिटल्यासारखा होतो तेव्हा वाटतं बाई आतल्या आत हसतेय. हाच डोळा सासूच्या रोलमध्ये बारीक झाला की पोटात गोळा येतो. फिल्मफेअर मिळालं ते मिसेस डिसाला, सासूला नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या थप्पडेच्या किश्श्याने बाईंचं काम खाऊन टाकलंय.

नेरुळची_वहिनी
खाल्लं कसलं, वाचवलं! मूकपटातल्या नायिकांपैकी किती जणींची नावं तुम्हाला न बघता सांगता येतील? ललिताबाई १९२८ ला लहान मुलगी म्हणून पडद्यावर आल्या, मग नायिका झाल्या, १९३२ ला 'कैलाश' नावाच्या मूकपटाच्या निर्मितीतही होत्या. हे कुणाला आठवतं? तो डोळा नसता तर त्याही इतरांसारख्या विसरल्या गेल्या असत्या. कटू आहे पण खरं आहे.

आणि सासूचं म्हणाल तर त्या इमेजचा त्रास आम्हाला झालाय हो. माझ्या लग्नात सासूबाई स्टेजवर चढल्या तेव्हा मैत्रीण कानात म्हणाली 'सांभाळ गं, ललिता पवार'. बिचाऱ्या माझ्या सासूबाईंना साधा आवाज चढवता येत नाही.

ट्रान्सहार्बर_८_१२
तुर्भ्याला गाडी थांबलीये म्हणून लिहितोय. तुम्ही दोघंही किस्सा आहे तसाच धरून चाललाय. नेहमी सांगतात काय, तर १९४२ ला थप्पड, मग तीन वर्षं उपचार, मग चरित्र भूमिका. आता हिशोब करा. 'प्रभात'चा 'रामशास्त्री' १९४४ चा, आणि त्यात आनंदीबाई कोण? ललिता पवार! म्हणजे तीन वर्षं घरी बसल्या हे कुठे बसतं? ज्या बाईने पडद्यावर 'ध चा मा'वाली आनंदीबाई केली तिच्याच आयुष्याचा आपण ध चा मा केलाय राव.

नेरुळची_वहिनी
उपचार चालू असताना काम केलं असेल की. तारखांचा घोळ मान्य, पण अपघात झालाच ना? डोळा गेलाच ना? रोल बदललेच ना? मुद्दा तोच राहतो.

पिटातला_म्हातारा
वहिनी, मुद्दा नाही राहत तोच. लीला चिटणीस घ्या. 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेच्या रंगभूमीवरून सिनेमात आल्या, 'कंगन', 'बंधन', 'झूला', अशोककुमारबरोबर तिन्ही गाजले, तेही १९३९ ते ४१ मध्ये. आणि १९४८ ला 'शहीद'मध्ये काय, तर दिलीपकुमारची आई. १९५१ ला 'आवारा'त राज कपूरची आई. सात वर्षांत हिरॉइनची थेट हिरोची आई झाली! त्यांना कुणी थप्पड मारली होती? तेव्हाच्या इंडस्ट्रीत बाई पस्तिशीच्या पुढे गेली की नायिका म्हणून संपली. ललिताबाई १९१६ च्या, राज कपूर १९२४ चा. आठ वर्षांचं अंतर, आणि 'श्री ४२०'मध्ये ती केळेवाली त्याची माय शोभते. थप्पड नसती तरी तिथेच पोचल्या असत्या, फारतर पाचेक वर्षं उशिरा.

ऐरोलीकर
काका, मग दुर्गाबाई खोटे? त्याही १९३२ ला 'अयोध्येचा राजा'त नायिका, त्यांचंही वय वाढलंच. पण त्यांच्या वाट्याला 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई. झेवियर्सला शिकलेल्या, श्रीमंत घरातल्या, म्हणून राणी. येवल्याच्या ललिताबाईंना काय, तर सासू आणि मंथरा. मंथरा तर दोनदा, १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये आणि मग रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेत. सगळं वयावर ढकलू नका, चेहरा बघूनच रोल वाटले गेले, आणि त्या चेहऱ्यात तो डोळा होता. ह्या बाबतीत मी वहिनींच्या बाजूने.

पिटातला_म्हातारा
दुर्गाबाईंचा मुद्दा चांगला काढलास, उत्तर नाही माझ्याकडे. पण मंथरा म्हणजे पडेल काम नाही रे बाबा. नाटकवाल्यांना विचार, खलभूमिकेत जीव आणायला काय लागतं ते. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला मी पन्नास वेळा बघितलंय, सज्जन माणूस करणारा नट पडला की नाटक कसंबसं रेटतात, खलनायक पडला की इंटरव्हललाच लोक रिक्षा शोधायला लागतात.

तलावपाळीकर
ऐरोलीकर, पटलं अर्धं. आईला आत्ता वाचून दाखवलं तर ती वेगळंच सांगतेय. म्हणे सत्त्याऐंशी साली मालिकेत मंथरा आली की आजी टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची, अख्खी चाळ आमच्याकडे बघायला जमलेली आणि ही पाठ करून! आणि 'श्री ४२०' लागला की तीच आजी म्हणायची, किती गं मायाळू ही केळेवाली.

नेरुळची_वहिनी
मग त्यांना सांगितलं नाही का कुणी, दोघी एकच आहेत म्हणून?

तलावपाळीकर
आईने सांगितलं होतं. आजी म्हणाली, काहीतरीच काय, ती बाई कुठे नि ही कुठे.