फिजिशियन असिस्टंटले मराठीत काय म्हणावं?

भाचा अमेरिकेत राहते, त्याच्या पोराले ताप होता म्हणून फॅमिली डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये नेलं तर तिथं पीएनं, म्हणजे फिजिशियन असिस्टंटनं, तपासलं, तिनंच औषध लिहून दिलं. मी हे घरी सांगितलं तर आई म्हणे, "काहून, कंपाउंडरनं तपासलं का पोराले?" आमच्या दारव्ह्याकडे तर पीए म्हटलं की आमदाराचा पीए. मग फिजिशियन असिस्टंटले नेमका शब्द कोणता? वैद्यकीय सहायक चालते का?

प्रतिसाद १
भाऊ, सहायक नका म्हणू. सहायक म्हणजे आपल्याकडे हातात कात्री-पट्टी देणारा माणूस डोळ्यापुढे येते. ही बाई स्वतः विचारपूस करते, छाती-पोट तपासते, रक्त तपासायला सांगते, निदान करते, औषध लिहिते. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत पीएला औषध लिहायचा अधिकार आहे. शुगर-बीपीचे जे पेशंट दर तीन महिन्यांनी येतात, ज्यांना औषधापेक्षा जास्त बोलायचं असते, ते तर पुष्कळदा तिच्याकडेच असतात, लसी, वर्षाची तपासणी, बारीकसारीक टाके हेही आलंच. सुरुवात १९६५ ची, ड्यूक विद्यापीठात डॉ. स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम करून आलेली पोरं घेऊन पहिली बॅच काढली, कारण खेड्यापाड्यात डॉक्टर पुरत नव्हते. हे दुखणं आपल्यालेही नवं नाही.

प्रतिसाद २
कंपाउंडर तर अजिबात नाही. माझे मामा कंपाउंडर होते. बाटलीत लाल मिक्श्चर भरून बाहेरून कागदाची पट्टी कातरून चिकटवायचे, एक खाच म्हणजे एक डोस, मोजमाप कधी चुकलं नाही त्यांचं. पण ते औषध बनवणारे, तपासणारे नाही. दोन वेगळी कामं आहेत, दोघांचाही मान राहू द्या.

प्रतिसाद ३
आपल्या उपकेंद्रातल्या सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी) मॅडम पीएच्या जवळच्या वाटतात मला. २०१८ पासून आयुष्मान भारतमध्ये आल्या, नर्सिंग नाहीतर बीएएमएस करून वर सहा महिन्यांचा कोर्स. बीपी, शुगर पाहतात, ठरलेल्या यादीतली औषधं देतात, अडलं की ई-संजीवनीवर डॉक्टरशी बोलणं करून देतात. पण पीएचं शिक्षण आणि अधिकार दोन्ही जास्त, म्हणून तोच शब्द उचलून लावू नये. गावात कोणी 'सामुदायिक आरोग्य अधिकारी' म्हणत नाही, 'सीएचओ मॅडम आल्या का' एवढंच म्हणतात.

मूळ प्रश्नकर्ता
तिकडेही नावाचा वाद आहेच म्हणा. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये असिस्टंटचं असोसिएट, म्हणजे सहयोगी, केलं, आणि इंग्लंडात २०२५ च्या एका आढाव्यानं उलटं सुचवलं, असोसिएट नको, असिस्टंटच म्हणा म्हणून, कारण पेशंटला ते डॉक्टरच वाटत होते. म्हणून कोणी 'सहयोगी डॉक्टर' म्हणा म्हटलं तर मला ते मुळीच पटत नाही, डॉक्टर नसलेल्याले डॉक्टर म्हणणं म्हणजे पेशंटची फसवणूक होते. लिहिताना मी 'वैद्यक सहयोगी' वापरतो, बोलताना पीएच. आईले शेवटी असं सांगितलं, की डॉक्टरसोबत काम करणारी, शिकलेली, स्वतः तपासून औषध लिहिणारी बाई आहे. तर तिनं एकच विचारलं, "तिले मोठ्या डॉक्टरकडं कवा पाठवाचं ते समजते ना?" म्हटलं, समजते, तेच तर शिकवतात.