पैसा अपुरा, घोषणा भरपूर: कात्री कोण लावतो आणि कुठे?

डिचोलीकर
मार्च २०२५ मध्ये मांडलेला गोव्याचा अर्थसंकल्प २८,१६२ कोटींचा होता. महसुली शिल्लक, म्हणजे चालू उत्पन्नातून चालू खर्च भागून उरणारी रक्कम, दाखवली होती दोन हजार चारशे कोटींच्या वर. दुसऱ्या दिवशी आपण काय वाचलं? पेडण्याला काय मिळालं, फोंड्याला काय मिळालं, नवा कर नाही. झालं, संपली चर्चा.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या बाबीपुढे, चार रकाने असतात. दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. भाषण होतं ते चौथ्या रकान्यावर. खरं काय घडलं ते पहिल्यात असतं, पण तोवर ती घोषणा कोणाच्या लक्षातही नसते. मग तीच नव्याने करायला मंत्री मोकळे.

माझं म्हणणं एवढंच आहे. पैसा कमी पडला की कपात होतेच. पगार, पेन्शन, व्याज यांना हात लावता येत नाही, म्हणून उरलेल्यावर कात्री चालते. ती सभागृहात चालत नाही. सचिवालयात वित्त खात्याची मान्यता अडली की झाली कपात. चाळीस आमदारांनी मंजूर केलेली रक्कम नंतर कोण, कोणाला न सांगता कापतो, हे विचारायला नको?

फोंडेकर
पैसा कमी आहे हेच मुळात मान्य नाही. भांडवली कामांसाठी केंद्र २०२०-२१ पासून राज्यांना ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतंय. ते घ्यायचं नाही तर काय करायचं? पणजीच्या मांडवीवरच्या अटल सेतूच्या वेळीही लोक बोंबलत होते, परवडणार नाही म्हणून. आज त्यावरूनच सगळे पणजी टाळून जातात. झुवारीचा नवा पूल झाला, मोपाचा विमानतळ झाला. प्रत्येक वेळी हिशेबनिसांचं ऐकलं असतं तर अजून फेरीबोटीच्या रांगेत असतो.

डिचोलीकर
फोंडेकर, झुवारीचा पूल राष्ट्रीय महामार्गावरचा, केंद्राच्या पैशातला. मोपा खासगी कंपनीने बांधला. ही दोन्ही कामं राज्याच्या खात्यात जमा धरून राज्य श्रीमंत ठरवू नका. आणि बिनव्याजी कर्ज हा सगळ्या कर्जाचा एक भाग झाला. रिझर्व्ह बँकेकडे मंगळवारी राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव होतो, तिथे गोवा कितीदा तरी शंभर-शंभर कोटी उचलतो. त्याला व्याज आहे, आणि ते बाजारभावाने.

म्हापशाची उमा
तुमची ही 'छाननी' सुरू झाली की पहिला नंबर कोणाचा लागतो ते आम्हा बायकांना विचारा. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे महिना दीड हजार. वृद्ध-निराधारांच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दोन हजार. लगेच म्हणायचं, फुकट वाटप चाललंय! लिलावातली व्याजं कोणाला दिसत नाहीत, महोत्सवांचे मंडप दिसत नाहीत, आमच्या शेजारच्या आजीच्या औषधाचे दोन हजार तेवढे डोळ्यांत खुपतात. दयानंद योजना सुरू होऊन वीस वर्षं उलटली. दोन हजारांत आज काय येतं ते कधी तरी मासळी बाजारात येऊन बघा.

काणकोणचा पक्या
उमाताई, पण दोन दोन गाड्या असलेल्या घरातही गृह आधार जातो ना? तीन लाखांची उत्पन्नाची अट आहे. दाखला कसा मिळतो ते सगळ्या गावाला ठाऊक. 😄

म्हापशाची उमा
जातो, मान्य. मग नावं काढा, मी कुठे अडवलं? ती काढायची तर मतं जातात, म्हणून कोणी काढत नाही. त्यापेक्षा सगळ्यांचेच पैसे महिना-दोन महिने उशिरा सोडायचे, हे सोपं. डिचोलीकर म्हणतात ती गुपचूप कात्री ती हीच. तेवढ्यापुरतं माझं त्यांच्याशी पटतं.

निवृत्त लेखापाल
आयुष्य बिलांच्या फायली हाताळण्यात गेलं, खात्याचं नाव सांगत नाही. जानेवारीपर्यंत निम्मी तरतूद पडून असायची, कारण वरून हात आखडता घ्या म्हणून तोंडी निरोप. मग मार्चात अचानक फर्मान, खर्च करा नाहीतर रक्कम परत जाईल. ३१ मार्चच्या रात्री नऊ वाजता बिलावर सही मागायला माणसं उभी. एकदा झेरॉक्स यंत्राच्या खरेदीचं बिल माझ्यासमोर आलं, यंत्र आलेलंच नव्हतं. सही केली नाही, तर दुसऱ्या टेबलावरून पास होऊन आलं.

तेव्हा डिचोलीकरांचा प्रत्यक्ष खर्चाचा रकानाही गंगाजलाने धुतलेला नाही, हे लक्षात ठेवा. पैसा खर्ची पडला याचा अर्थ काम झालं असा नव्हे. महामंडळाकडे वर्ग केला तरी सरकारच्या वहीत तो खर्चच.

फोंडेकर
मग खर्च तपासणारी आमदारांची लोकलेखा समिती कशाला आहे? कॅगचे, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचे अहवाल कशाला? आणखी किती चाळण्या लावणार?

डिचोलीकर
कॅग येतो तो काम आटोपल्यावर. कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छप्पर जुलै २०२३ मध्ये कोसळलं, तेव्हा सगळ्यांना कंत्राट कसं दिलं गेलं ते आठवलं. ते विचारायची वेळ मागण्यांवरच्या, म्हणजे खात्यांनी मागितलेल्या रकमांवरच्या, चर्चेची होती. आपल्याकडे कपात सूचनांचा, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा म्हणणाऱ्या प्रस्तावांचा, ढीग पडतो, पण आमदार त्यात बोलतो काय, तर माझ्या वाड्यावरचा रस्ता कधी. कपात सूचना मांडायची आणि मागायचं जास्त!

काणकोणचा पक्या
रस्ता नाही मागितला तर पुढच्या वेळी तुम्हीच घरी बसवणार त्याला. आमदाराला शिव्या घालणं सोपं.
बाकी एवढी ओढाताण असेल तर खाणींच्या त्या कायम निधीला हात का लावत नाही? पडून आहे की.

निवृत्त लेखापाल
पक्या, तो निधी सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१४ च्या निकालातून आलाय. विकलेल्या खनिजाच्या दहा टक्के रक्कम त्यात जाते. जमिनीतून काढलेला माल पुन्हा उगवत नाही, म्हणून पुढच्या पिढीसाठी ठेवलेला वाटा आहे तो. चालू खर्चाला तो वापरायचा म्हणजे बी-बियाणं दळून भाकऱ्या भाजण्यासारखं.

डिचोलीकर
आमच्या डिचोलीत तर हे अंगावर शेकलंय. मार्च २०१८ ला खाणी बंद झाल्या, रांगेत ट्रक वर्षानुवर्षं उभे राहिले. सरकारचा महसूल बुडाला, पण त्यामुळे कुठली योजना आणि कुठलं काम कमी केलं याची एक तरी यादी कोणी सभागृहात ठेवलेली आठवते?

फोंडेकर
यादी ठेवली असती तर तुम्हीच मोर्चा आणला असता. सरकार चालवायचं तर काही गोष्टी बोलायच्या नसतात, हे कटू आहे पण खरं आहे.

म्हापशाची उमा
वा! म्हणजे आमच्या पैशाचं आम्हालाच सांगायचं नाही. तिळारी धरणाचा कालवा फुटला की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राला पाणी येत नाही आणि अर्धा बार्देश टँकरच्या मागे धावतो. कालव्याची डागडुजी पुढे ढकलली की उद्घाटन रद्द होत नाही, फीत तशीच राहते, म्हणून तीच पुढे ढकलायची. मोर्चा आला तर येऊ दे. यादी वाचून आला तर निदान कशावर चिडायचं ते तरी कळेल.

निवृत्त लेखापाल
डागडुजीवरून सांगतो. मागण्यांच्या पुस्तकात सार्वजनिक बांधकाम खात्याची मागणी काढा आणि देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षापुढचा मूळ अंदाज व सुधारित अंदाज शेजारी धरा. एवढा एक फरक आपापल्या आमदाराला लेखी विचारा, उत्तर लेखीच मागा. पावतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

फोंडेकर
विचारतो. पण फरक निघाला नाही तर तो आकडा इथे टाकायचा, कबूल?

डिचोलीकर
कबूल. निघाला तरी टाकायचा.