४५ मीटरच्या तबकडीपेक्षा आपला डोळा तीक्ष्ण कसा?

प्रथमवर्ष_विज्ञान:
मी पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. विभेदनक्षमतेचे, म्हणजे जवळचे दोन बिंदू वेगळे ओळखण्याच्या क्षमतेचे, सूत्र (तरंगलांबीला व्यासाने भागून १.२२ ने गुणायचे) शिकल्यावर मी ते खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला लावून पाहिले. हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची तरंगलांबी आणि ४५ मीटर व्यासाची तबकडी घेतली, तर उत्तर सुमारे २० आर्क-मिनिटे (एक आर्क-मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) येते, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. आपल्या डोळ्याची क्षमता मात्र एका आर्क-मिनिटाच्या आसपास असते. मग या दुर्बिणीतून दीर्घिकांचे बारकावे दिसतात ते कसे?

मुठाकाठ:
आपले गणित बरोबर आहे, परंतु ते एकट्या तबकडीचे आहे. तिथे अशा ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोघींमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर असल्यामुळे विभेदन २ आर्क-सेकंदांपर्यंत (आर्क-सेकंद म्हणजे आर्क-मिनिटाचा साठावा भाग) जाते.

हे का घडते, ते यंगच्या दोन फटींमधून प्रकाश सोडण्याच्या प्रयोगातून कळते. दोन फटींमधले अंतर वाढवले की पडद्यावरचे उजेड-अंधाराचे पट्टे बारीक होतात; त्याचप्रमाणे तबकड्यांची प्रत्येक जोडी स्रोताच्या रचनेतील एका ठरावीक बारकाव्याचेच मापन करते. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे स्रोताकडून पाहता प्रत्येक जोडीची लांबी व दिशा तासागणिक बदलत राहते, त्यामुळे काही तासांच्या निरीक्षणात मापनांची संख्या कितीतरी वाढते. या सगळ्यांवरून फूरिये रूपांतर या गणिती पद्धतीने चित्र उभे करतात. या तंत्राच्या विकासासाठी मार्टिन राइल यांना १९७४ चे नोबेल मिळाले. अर्थात एकच लाट दोन तबकड्यांवर काही मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोहोचते (२५ किलोमीटरला जास्तीत जास्त ८३), आणि तो फरक काटेकोरपणे भरून काढल्याशिवाय व्यतिकरणाला, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळण्याला, काही अर्थ उरत नाही.

प्रथमवर्ष_विज्ञान:
अंतरच महत्त्वाचे असेल, तर १४ तबकड्या एकमेकींच्या जवळ कशासाठी? आणि त्या एवढ्या मोठ्या तरी का?

मुठाकाठ:
दूरच्या जोड्यांना फक्त बारीक तपशील कळतात. आकाशात ऐसपैस पसरलेला हायड्रोजनचा मंद ढग त्यांच्या दृष्टीने जवळजवळ नसतोच. तो टिपायला लहान अंतरेच लागतात, आणि ती नसतील तर चित्रातून पसरट भाग चक्क गायब होतात. आकाराचा संबंध मुख्यतः संवेदनशीलतेशी आहे. तीसही तबकड्यांचे मिळून क्षेत्रफळ ४७ हजार चौरस मीटरांच्या वर जाते, आणि क्षीण स्रोतांसाठी तेही पुरे पडतेच असे नाही.

विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते, तेव्हा अवश्य जाऊन या. तबकडी म्हणजे तारांची जाळी आहे हे पाहून अनेकांना ती अर्धवट बांधलेली वाटते. पण छिद्रे एक-दोन सेंटीमीटरची आणि लाट २१ सेंटीमीटरची असल्याने परावर्तन व्यवस्थित होते, शिवाय वारा आरपार जातो.

जुना_विद्यार्थी:
एक दुरुस्ती सुचवतो. १.२२ हा गुणक वर्तुळाकार छिद्राचा आहे. दोन तबकड्यांमधल्या अंतरावरून विभेदनाचा अंदाज काढताना तो वगळावा आणि तरंगलांबीला थेट अंतराने भागावे. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत नेमके हेच विचारतात.