तांब्याची लँडलाइन जाऊन फायबर येतंय, घरातले कॉर्डलेस कसे जोडायचे?

गंगापूररोडवाला
नमस्कार मंडळी, नाशिकला आमचं दुमजली घर आहे आणि बीएसएनएलची जुनी तांब्याच्या वायरची लँडलाइन. आता फायबर घेतोय, नंबर तोच राहणार असं सांगितलंय आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप, कारण बाबांच्या पिढीतल्या सगळ्या नातेवाइकांना हाच एक नंबर पाठ आहे, मोबाईलवर कोणी करतच नाही. तर प्रश्न असा की सध्या खाली हॉलमध्ये पॅनासॉनिकचा कॉर्डलेस आहे, बेस आणि दोन हँडसेट, आणि आईबाबांच्या खोलीत एक साधा वायरचा फोन, तो घरातल्याच जुन्या वायरिंगवर पॅरलल आहे. फायबर मात्र गच्चीवरून येणार, म्हणजे तो डबा वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत बसणार. जोडायला येणारा मुलगा म्हणतो डब्याला फोनचं भोक आहे त्यात घाला, झालं. पण माझा बेस तर खाली आहे! वरून खालपर्यंत वायर ओढायची का? जुनं वायरिंग वापरता येतं का? कॉर्डलेस नवीनच घ्यावा लागतो का? भाऊ न्यू जर्सीला असतो, दिवाळीत येतोय, तो म्हणतो तिकडून चार हँडसेटवाला मस्त सेट आणतो. आणि लाइट गेल्यावर काय होतं? आमच्याकडे जाते बऱ्यापैकी.

पीसीओकाका
नवीन कॉर्डलेस अजिबात घेऊ नका, तोच चालतो. बेसला कळतसुद्धा नाही मागे तांबं आहे का काच, त्याला आरजे११ च्या, म्हणजे टेलिफोनच्या छोट्या पिनेतून डायल टोन मिळाला की बास. तो टोन आधी एक्स्चेंजमधून यायचा, आता ओएनटी म्हणजे तो फायबरचा डबा तयार करून देईल, इतकाच फरक.

वायरिंगचं विचारलंत ते बरं केलंत. घरातलं जुनं पॅरलल वायरिंग उलटं वापरता येतं, म्हणजे ओएनटीच्या फोन पोर्टमधून एक वायर वरच्या खोलीतल्या जुन्या सॉकेटला द्यायची की घरातल्या सगळ्या सॉकेटांवर टोन येतो. पण, आणि हे पण फार मोठं आहे, बाहेरून आलेली तांब्याची जोडी त्याआधी सोडवायची. रोझेट, म्हणजे भिंतीवरची टेलिफोनची डबी उघडून दोन्ही तारा काढायच्या, टोकांना वेगवेगळी टेप मारायची आणि बाजूला ठेवायच्या. ती लाइन कागदावर बंद झाली म्हणून तारेत काही नाही असं धरून चालू नका, एक्स्चेंजचा ४८ व्होल्ट डीसी त्यावर राहिलेला असू शकतो आणि रिंग आली की ७५ व्होल्टच्या आसपास एसी. दोन्हीकडून एकाच जोडीवर करंट आला की ओएनटीचं फोन पोर्ट जातं, आणि पोर्ट गेलं तर डबाच बदलावा लागतो. जुना ब्रॉडबँडचा स्प्लिटर मध्ये लटकत असेल तर तोही काढा, आता त्याचं काही काम नाही.

दुसरं म्हणजे ओएनटीवर एक्स्चेंजइतका जोर नसतो. दोन-तीन फोन ठीक, पण जुने खणखणीत घंटीवाले चार-पाच लावलेत तर घंटी नीट वाजणार नाही किंवा वाजणारच नाही. आणि कोणाकडे गोल चकतीचा फोन असेल तर तो वाजेल, बोलताही येईल, पण बऱ्याच ओएनटीवर त्यावरून नंबर लागत नाही, कारण त्यांना टोन डायलिंग लागतं.

रात्रपाळी
काकांचं बरोबर आहे पण मी म्हणतो वायरिंगच्या भानगडीत पडताच कशाला? कॉर्डलेस आहे ना तुमच्याकडे. टेलिफोनची वायर फक्त बेसला लागते, दुसऱ्या हँडसेटच्या स्टँडला नुसता लाइटचा प्लग पुरतो. बेस उचला, वर ओएनटीशेजारी न्या, बरोबर आलेली छोटी वायर फोन पोर्टमध्ये घाला आणि दोन्ही हँडसेट खाली ठेवा एक हॉलमध्ये एक आईबाबांकडे, संपला विषय. आता एका स्लॅबमधून रेंज येते का हा प्रश्न, कारण खोक्यावर घरात ५० मीटर लिहिलेलं असतं ते आपल्या आरसीसीत आणि विटांच्या भिंतीत विसरा. पण हे तुम्ही फायबर यायच्या आधीच तपासू शकता. बेस वर नेऊन नुसता लाइटवर लावा, टेलिफोनची वायर नको, एक हँडसेट वर एक खाली आणि इंटरकॉमवर बोलून बघा. इंटरकॉमला लाइन लागतच नाही. खालच्या खोलीत आवाज तुटत नसेल तर पुढे काही करायचं राहतच नाही. तुटला तर बेस जिन्याच्या तोंडाशी आणायचा, तेवढ्यापुरती लांब वायर बाजारात मिळते.

बेस ओएनटीला अगदी चिकटवून ठेवू नका, हातभर लांब असू दे. डेक्ट फोन, म्हणजे हल्लीचे बहुतेक कॉर्डलेस, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर नसतात त्यामुळे भांडण तसं होत नाही, पण अगदी जुने कॉर्डलेस २.४ वालेही होते, त्यांनी वायफायची वाट लागते.

जोडताना दोन गोष्टी बघाच. एक, आरजे११ ची पिन लॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या वायरच्या भोकातही जाते, बसल्यासारखी वाटते आणि टोन येत नाही. पोर्टवर टेल किंवा पॉट्स लिहिलेलं असतं, तेच शोधा. दोन, पुष्कळ डब्यांना टेल १ आणि टेल २ अशी दोन पोर्टं असतात आणि तुमचा नंबर त्यातल्या एकावरच टाकलेला असतो. हँडसेटवर ‘चेक टेल लाइन’ आलं तर फोन बिघडला म्हणून फेकू नका, आधी दुसऱ्या पोर्टात घालून बघा, मग दुसरी वायर लावून बघा. त्यानंतरही नाही तर मात्र नंबर कंपनीच्या बाजूने चढलेला नाही, आणि ते काम त्यांचंच, कारण त्या नंबरचं लॉगिन-पासवर्ड ओएनटीत तेच भरतात, आपल्याला बहुतेक देत नाहीत. म्हणूनच स्वतःचा भारी वायफाय राउटर लावायचा असेल तर खुशाल ओएनटीच्या मागे लावा, ओएनटी काढू नका, तो काढला की फोनही गेला. जोडणारा मुलगा घरात असतानाच एक फोन बाहेर लावा आणि एक बाहेरून आत घ्या, इंटरनेट चालू झालं की हे लोक पळतात.

मुलुंडची_मनी
अमेरिकेहून सेट आणू देऊ नका!! आमच्याकडे एका नातेवाइकांनी असाच आणला होता. तिथल्या फोनचा अडॅप्टर बहुतेक नुसता ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० ला लावला की खेळ खल्लास. बरं, कन्व्हर्टर लावून तो चालवला तरी तिथले डेक्ट ६.० वाले फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतात आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाईलच्या २१०० बँडमध्ये येतो, म्हणजे शेजारपाजारच्या मोबाईलमध्ये तुमचा फोन ढवळाढवळ करणार. इथे मिळणारा इथेच घ्या. भावाला म्हणावं चॉकलेटं आण.

आणि जास्तीचा हँडसेट हवा असेल तर अख्खा सेट कशाला घेताय, त्याच मॉडेलला चालणारा सुटा हँडसेट बघा. बेसवरचं हँडसेट शोधायचं बटण दाबून धरायचं, नव्या हँडसेटच्या मेनूत रजिस्टर म्हणायचं, पिन विचारला तर बहुतेक ०००० असतो. पॅनासॉनिकच्या बऱ्याच बेसवर सहा हँडसेट बसतात. दुसऱ्या कंपनीचा लावलात तर बोलता येईल बहुतेक, पण फोनबुक वगैरे गडबडतं. सेल बदलताना एनआयएमएच लिहिलेले रिचार्जेबलच घाला, भिंतीवरच्या घड्याळातले घालून चार्जरवर ठेवले तर फुटतात.

पीसीओकाका
लाइटचं कोणीच बोललं नाही की. जुना फोन लाइट गेली तरी चालायचा कारण त्याला करंट एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायचा. काचेच्या तंतूतून करंट येत नाही, त्यामुळे ओएनटीला लाइट हवी आणि कॉर्डलेसच्या बेसलाही वेगळी हवी. दोघांपैकी एक जरी बंद पडला तरी फोन मुका. वयस्क माणसं घरात एकटी असतात, ११२ लावायची वेळ आली तर हे आधी माहीत असलेलं बरं.

गंगापूररोडवाला
वा, एवढं कोणी सांगितलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. बेस वर नेऊन इंटरकॉम करून बघितला, हॉलमध्ये झकास येतो, आईबाबांच्या खोलीत दार लावलं की थोडी खरखर आहे. इन्व्हर्टर आहे आमच्याकडे पण तो खालच्या मजल्यापुरता. ओएनटीला मिनी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी मिळते म्हणे, त्यावर बेसपण लावू का? आणि तो साधा वायरचा फोन मग टाकूनच द्यायचा का?

रात्रपाळी
मिनी यूपीएसवर बेस लावताना जरा थांबा. ते बहुतेक १२ व्होल्ट डीसी देतात, ओएनटीला तेच लागतं, पण कॉर्डलेसच्या बेसला बरेचदा साडेपाच-साडेसहा व्होल्टच लागतात. अडॅप्टरवर आउटपुट लिहिलेलं असतं ते वाचा, नुसती पिन बसते म्हणून घालू नका. ओएनटीचेही व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच यूपीएस घ्या. आणि इन्व्हर्टरची एक वायर वर काढलीत तरी मिनी यूपीएस असू दे, कारण काही इन्व्हर्टर बदली होताना क्षणभर लाइट सोडतात, तेवढ्यात ओएनटी रीस्टार्ट होतो आणि फोन परत लागायला दोनेक मिनिटं जातात.

वायरचा फोन टाकू नका, तुमच्या घरात लाइट गेल्यावर कामाचा तोच आहे. त्याला वेगळा प्लग लागत नाही, ओएनटी मिनी यूपीएसवर चालू असला की तो चालतो. फोनचा एक दोन भोकांचा टी-कनेक्टर घ्या, अगदी किरकोळ किंमत असते, ओएनटीच्या फोन पोर्टला तो लावा, एका बाजूला बेस आणि दुसऱ्या बाजूला साधा फोन.

पीसीओकाका
पण मग तो फोन वरच राहिला ना, आईबाबा अंधारात जिना चढणार का? खरखरही त्यांच्याच खोलीत आहे. म्हणून म्हणत होतो जुनं वायरिंग वापरा. टी-कनेक्टरची दुसरी बाजू वरच्या जुन्या सॉकेटला द्या, बाहेरची जोडी सोडवलेली आहे याची खात्री करून, की त्यांच्या खोलीतला फोन आहे तिथेच चालू.

रात्रपाळी
हां काका, हे मान्य. त्यांच्या खोलीसाठी तेच करा.

मुलुंडची_मनी
हँडसेटच्या फोनबुकात मोबाईल नंबर भरताना आधी ० लावूनच भरा, लँडलाइनवरून मोबाईल लावायला तो २०२१ च्या जानेवारीपासून लागतो, आमच्या आजी रोज विसरतात. आणि फायबर आल्यावर कोणाचा फोन आहे तो नंबर दिसेनासा झाला तर कॉर्डलेसला दोष देऊ नका, कॉलर आयडी पाठवायच्या डीटीएमएफ आणि एफएसके अशा दोन पद्धती असतात, ओएनटीत लावलेली पद्धत कंपनीला बदलून द्यायला सांगा.