मदत हवी आहे: सातवीच्या मुलांच्या मनातली लघुग्रहाची भीती कशी काढू?

नमस्कार मंडळी. मी सातारा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. '२०२९ ला पृथ्वी संपणार' असा व्हिडिओ मोबाईलवर फिरतोय आणि वर्गात दुसरा विषयच नाही. परवा एका मुलीने डबा उघडलाच नाही, भाकरी तशीच फडक्यात. म्हणाली, "बाई, तेव्हा नुकतीच माझी दहावी झालेली असेल." पोटात कालवलं हो.

व्हिडिओतला अपोफिस नावाचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला सुमारे ३२,००० किमीवरून निघून जाईल, किमान १०० वर्षं तरी धडकणार नाही, हे मी सांगितलं. २०२२ साली नासाने डार्ट यान मुद्दाम डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळवून त्याची कक्षा बदलली, तेही सांगितलं. पण लगेच प्रश्न आला, "मग डायनासोर कसे मेले?" साधारण १० किमीचा लघुग्रह, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, मेक्सिकोत. त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता, अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ त्याचाच. हे ऐकून मुलं खिडकीतून किल्ल्याकडे बघतच राहिली.

आता अडलंय पुढे, पृथ्वीचं खरंच कधी काय होईल हे सांगताना. सूर्य हळूहळू प्रखर होतोय, साधारण १०० कोटी वर्षांत समुद्र आटतील. एवढा काळ अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या डोळ्यांसमोर कसा उभा करायचा? खोटा धीर मला द्यायचा नाही. कुणी वर्गात असा प्रयोग केलाय का? आणि सातारा, कराड, सांगलीकडे कुणाकडे दुर्बीण असेल तर एक संध्याकाळ शाळेत याल का? चहा-नाश्त्याचं आम्ही बघू.